हालू नका, फोटो निघून राह्यला!

जळगाव जामोदच्या रस्त्यावर सकाळी सकाळी एखादी बाई तेलाचा चौकोनी पिपा लेकरासारखा छातीशी धरून चाललेली दिसली, तर ती पुष्पांजली सरकटे आहे असं खुशाल समजावं. पिप्याला बाहेरून काळा रंग, झाकणाच्या कडेला काळी चिकटपट्टी आणि पुढच्या बाजूला पत्र्याची एक छोटी पापणी. नव्या माणसाला वाटतं, बाई तेल आणायला निघाली. जुनी माणसं मात्र तिला पाहिलं की केस नीट करतात, पदर सारखा करतात आणि विचारतात, "ताई, आज कोनाचा नंबर?"

पुष्पांजली पंचेचाळिशीच्या पुढची. डॉक्टर दीपक यांच्या हाडांच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढते, आणि हे काम ती लग्नाआधीपासून करत आली आहे. ती शिकली तेव्हा एक्स-रे म्हणजे फिल्म होती. अंधारी खोली, तांबड्या बल्बचा मिणमिणता उजेड, आणि औषधाच्या टाकीत बुडवलेल्या फिल्मवर हळूहळू उगवणारं हाड. बाकीच्यांना त्या खोलीतला आंबूस वास नको वाटायचा. पुष्पांजली मात्र तिथे रमायची. पांढुरक्या फिल्मवर काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एकदम मनगट! हजारो वेळा पाहूनही तिला त्या क्षणाचा कंटाळा आला नव्हता.

मग दवाखान्यात नवीन मशीन आलं. आता एक्स-रे थेट संगणकाच्या पडद्यावर दिसू लागला. काम सोपं झालं, रोग्यांची सोय झाली, ती स्वतःही नवं मशीन चटकन शिकली. अंधारी खोली मात्र अडगळीची झाली. मोडक्या खुर्च्या, जुन्या कुबड्या, फाटकी गादी, सगळं तिथे जाऊन पडलं.

एका दुपारी डॉक्टर म्हणाले, "पुष्पाताई, ती खोली एकदा रिकामी करून घ्या. फिल्मचे जुने डबेही असतील, त्यांची तारीख उलटून गेलीय. भंगारात देऊन टाका."

ती खोलीत शिरली आणि धूळ बाहेर जाऊ नये म्हणून तिनं दार ओढून घेतलं. बल्ब गेलेला होता. मोबाइलची बॅटरी लावायला तिनं हात खिशात घातला आणि तिथेच थबकली. समोरच्या भिंतीवर एक ऑटोरिक्षा चालला होता. उलटा! चाकं वर, टप खाली. त्याच्या मागे रस्त्यापलीकडचं कडुनिंबाचं झाड, तेही उलटं, आणि पानं चक्क हालत होती. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन छताला चिकटल्यासारखी चालत गेली.

पुष्पांजलीनं भिंतीला हात लावून पाहिला. तिनं मागे वळून पाहिलं. दाराची जुनी कडी कुणीतरी काढली होती, आणि खिळ्याच्या जागी एक बारीक भोक राहिलं होतं. त्या भोकातून आख्खा रस्ता आत आला होता. तिनं भोकावर बोट ठेवलं, रस्ता गेला. बोट काढलं, रस्ता परत आला. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. भिंतीवर जे पडतं ते फिल्मवरही पडेल, एवढं कळायला तिला क्षणही लागला नाही. आणि फिल्मचे डबे तर तिच्या पायाशीच पडले होते!

संध्याकाळी ती धावतच घरी गेली. तिचा नवरा अश्वजित एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो नुकताच हातपाय धुऊन चहाला बसला होता.

"मले एक डब्बा पाह्यजे," ती दारातूनच म्हणाली. "उजेडाचा कण आत जाणार नाई असा. अन् त्याले एका बाजूनं सुईच्या टोकाएवढं भोक."

"काऊन?"

"फोटो काढाले."

अश्वजितनं खिशातला मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "हा काय मंग? ह्यानं काढ ना."

"ह्यानं सगळेच काढतात. मले फिल्मवर काढाचा हाय. औषधात बुडवून. तुमी डब्बा देता का नाई, तेवढं सांगा!"

इतक्या वर्षांत ती एवढ्या हट्टानं काही मागते आहे असं त्यानं पाहिलं नव्हतं. तिचे गाल लाल झाले होते. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पिपा उचलला आणि म्हणाला, "फिल्म केवढी हाय तुही? इंचात सांग."

फिल्म पिप्यात उभी अगदी बेतशीर बसली. अश्वजितनं पिपा आतून-बाहेरून काळा केला, थंड पेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून पुढे बसवला, आणि पुष्पांजलीनं त्याला सुईनं भोक पाडलं. भोकावर पत्र्याची पापणी. पापणी उचलली की उजेड आत, सोडली की बंद. कॅमेरा तयार!

पण पिप्यात फिल्म घालायची तर अंधारी खोलीच हवी. म्हणजे दवाखान्यातून निघताना एक फिल्म घालायची, सकाळी तिच्यावर एकच फोटो काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत ती औषधात बुडवायची. दुसरी फिल्म घालायची सोयच नव्हती. त्यातून तिचा नियम आपोआप ठरला. रोज एक. चुकला तर चुकला, उद्या दुसरा. तिनं डॉक्टरांकडे खोली मागितली. डॉक्टर हसले. "घ्या. पण खुर्च्या, कुबड्या तुम्हीच दुसरीकडे लावा." तिनं दाराचं भोक बुजवलं, नवा तांबडा बल्ब लावला आणि टाकीत पुन्हा औषध कालवलं.

पहिली फिल्म काळीकुट्ट आली. दुसरीही. झाकणातून उजेड गळत होता. चिकटपट्टी लावली, तर पुढची अर्धी काळी आली. मग कळलं, खालच्या सांध्यात फट आहे. अश्वजितनं डेपोतून परत आल्यावर ती डाग देऊन बुजवली. मग एक फिल्म कोरी आली, कारण उत्साहाच्या भरात बाई पापणी उचलायलाच विसरली होती! रोज दुपारी ती खोलीतून तोंड पाडून बाहेर यायची आणि रोज संध्याकाळी पुन्हा नवी फिल्म घालून पिपा घरी न्यायची.

आणि मग एका दुपारी दवाखान्याच्या आतून अशी किंकाळी आली, की कंपाउंडर गोपाल हातातली पट्टी तशीच टाकून काठी घेऊन धावला.

"ताई! साप निंघाला का?"

"झाड!" आतून आवाज आला. "गोपाल, झाड निंघालं! झाड!"

दार उघडल्यावर तिच्या हातात ओली, ठिबकणारी फिल्म होती. तिच्यावर कडुनिंबाचं झाड होतं. पान न् पान सुटं. त्याच्या मागे छपरांची रांग, आणि छपरांच्याही मागे, धाग्याइतकी बारीक, सातपुड्याची रेघ. सगळं उलट्या रंगांत, आभाळ काळं आणि झाड पांढरं. गोपालनं ती फिल्म आधी आडवी पाहिली, मग उभी, आणि म्हणाला, "ह्या झाडाचं हाड मोडलं का काय?" पुष्पांजली इतकी हसली, की बाकावर पाय प्लास्टरात घालून बसलेले रोगीही हसायला लागले. एक्स-रे पाहायच्या दिव्याच्या पेटीवर ती फिल्म लावली गेली. मोडक्या गुडघ्याशेजारी कडुनिंब झळकू लागलं.

त्या दिवसापासून तिची सकाळ बदलली. आज काय काढू, या विचारानंच जाग यायची. पाणवठ्यावरची भांडी, कापसाची गाडी, शाळेची टांगलेली घंटा. पिप्याला घाई चालत नाही हे तिला लवकर कळलं. पापणी उचलून श्वासभर थांबावं लागतं, सावलीत तर त्याहून कितीतरी जास्त. जे हाललं ते फिल्मवर येतच नाही.

हे पुरतं कळलं ते आठवडी बाजारात. माणसांनी फुललेल्या बाजारासमोर तिनं पिपा ठेवला, एका ओट्याला टेकवून, आणि पालांच्या सावलीमुळे पापणी बराच वेळ उचलून धरली. दुपारी फिल्म निघाली तर बाजार ओस! पालं आहेत, टोपल्या आहेत, मिरच्यांचे ढीग आहेत, माणूस मात्र एक नाही. तिनं पुन्हा नीट पाहिलं. नाही, एक होता. ढिगामागे डुलकी लागलेला म्हातारा मिरचीवाला. एवढ्या गर्दीत एकटा तोच स्वच्छ, त्याच्या मिशीसकट. पुढच्या बाजाराला ती फिल्म घेऊन गेली. म्हातारा फिल्म उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिला आणि मग आसपासच्या दुकानदारांना ओरडून म्हणाला, "पाह्य बे! बाजारात मी एकटाच होतो! तुमी सगळे कुठी गेलते?"

घरात तिची सासू भिमाबाई. तोंड दिवसभर चालू. "पुष्पे, माह्याही काढ ना," म्हणून मागे लागली. पण श्वासभर गप्प बसायचं म्हणजे तिला शिक्षाच. पहिल्या फोटोत म्हातारीला तीन तोंडं आली. दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीनं दवाखान्यातलं हुकमी बोलणं काढलं. "श्वास घ्या. रोखून धरा. हालू नका." म्हातारी डोळे वटारून दगडासारखी बसली. फोटो असा निघाला, की कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचा तीळ, एकेक सुरकुती मोजून घ्यावी. ही फिल्म कातडीवरचं काही लपवत नाही. निगेटिव्ह दुसऱ्या कोऱ्या फिल्मवर दाबून, क्षणभर उजेड दाखवून पुष्पांजलीनं त्याचं सरळ चित्र काढलं आणि खिडकीच्या काचेला लावलं. भिमाबाई आल्यागेल्या प्रत्येकीला हाताला धरून खिडकीशी न्यायची. "ही मी. पाह्य, मी हाललीच नाई."

मार्च उतरणीला लागला आणि शेवटचा डबा तळाला आला. तिनं विचारपूस केली. ही फिल्म आता कुणी ठेवत नाही, असंच उत्तर जिथे तिथे मिळालं. तिनं ठरवलं, उरलेल्या फिल्म अशा वाया घालवायच्या नाहीत. चौदा एप्रिल जवळ आला होता. जयंतीला सकाळी विहारात वंदनेसाठी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमते. सगळ्या वस्तीचा एक फोटो! एकही माणूस पुसला न जाता!

जयंतीच्या बैठकीत तिनं हे सांगितलं तर हशा पिकला. वस्तीतले वडीलधारे पंजाबराव म्हणाले, "पोरी, आपून ड्रोनवाला सांगतला हाय. वरतून काढनार हाय तो. तुहा पिपा कायले?"

"ड्रोनमंदी डोक्शे येतीन, काका. मले तोंडं पाह्यजे."

"अन् इतके लोकं हालनार नाईत? लेकरं हायेत, म्हातारे हायेत. आपल्या वस्तीत पंगतीतही कोनी सुदं बसत नाई!"

लेझीम पथकाची प्रमुख मयुरी उठून उभी राहिली. कॉलेज संपवून आलेली, आवाज खणखणीत. "माइक माह्या हाती द्या," ती म्हणाली. "कोन हालते ते मी पाह्यते."

दोन दिवस सकाळी पुष्पांजली विहारासमोर नुसते रिकाम्या अंगणाचे फोटो काढत राहिली, त्याच वेळी, त्याच उन्हात. पापणी किती वेळ उचलायची ते मनात पक्कं झालं. मग पिप्यात फिल्म भरली. आता मागे एकच कोरी उरली होती, सरळ चित्रासाठी.

चौदा तारखेला वंदना झाली आणि अंगणात एकच गोंधळ उडाला. पुढे लेकरं, मग म्हाताऱ्या, मग बाया, मागे बाप्ये, सगळ्यांच्या मागे विहाराची निळी कमान. पांढऱ्या कपड्यांवर ऊन असं पडलं होतं, की डोळे दिपावेत. कुणी मागून हाक मारतो आहे, कुणी पुढे घुसतो आहे. पुष्पांजलीनं पिपा पाण्याच्या टाकीवर ठेवला, त्याच्यावर वीट ठेवली. अश्वजितनं हळूच विचारलं, "झाकन पक्कं लावलं ना?" तर ती त्याच्यावरच खेकसली.

मयुरीनं माइक हातात घेतला आणि पुष्पांजलीच्या तोंडापुढे धरला. कर्ण्यातून तिचा रोजचाच आवाज साऱ्या वस्तीवर गेला. "सगळेजन श्वास घ्या... रोखून धरा... हालू नका, फोटो निघून राह्यला!"

मयुरी माइकसकट दोन ढांगांत रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली, आणि पुष्पांजलीनं पापणी उचलली.

वस्ती थांबली. खरंच थांबली. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. तान्ह्या लेकरांनाही आयांच्या छातीतला थांबलेला श्वास कळला असावा. चुकून वाजलेला एक मोबाइल कुणीतरी हात न हालवता तसाच वाजू दिला. एक शेळी मात्र डावीकडून निघाली आणि सगळ्यांच्या पुढून, कुणाची भीड न बाळगता, रमत गमत उजवीकडे गेली. कुणाची मान वळली नाही, नुसती बुबुळं तिच्यामागे गेली. पुष्पांजलीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं पापणी सोडली.

"सोडा!"

एकदम असा निःश्वास आणि असा गलका उठला, की कमानीवरची कबुतरं उडाली.

दवाखान्याला सुट्टी होती, पण डॉक्टरांनी किल्ली आधीच देऊन ठेवली होती. एप्रिलच्या उन्हात औषध तापतं आणि तापलेल्या औषधात फिल्म करपते. म्हणून बर्फाच्या गोळ्यावाल्याकडून अश्वजितनं बर्फ आणला, आणि टाकीच्या भोवती ठेवला. मागोमाग अर्धी वस्ती दवाखान्याच्या ओसरीत येऊन दाटली. अंधाऱ्या खोलीत पुष्पांजली जाणार तोच भिमाबाई तिच्या मागे घुसली. "मी येतो. मले पाह्यचं हाय."

दार लागलं. तांबडा बल्ब लागला. पिपा उघडला, फिल्म औषधात गेली. काहीच नाही. काहीच नाही. सासू-सुना टाकीवर वाकलेल्या, कपाळाला कपाळ लागलेलं. आणि मग काळे डाग उमटू लागले. पांढरे कपडे होते ना, ते आधी काळे होऊन आले. मग त्या काळ्यांच्या वर, एकेक करून, तोंडं.

"हा... हा पंजाबराव!" भिमाबाई ओरडली. "त्याची मान वाकडी!"

बाहेर एकदम ओरडा झाला, "पंजाबराव आले!" टाळ्या पडल्या.

"ही मयुरी, हातात माइक. ही गोकुळची माय. हे तिच्या कडेवरचं लेकरू, अवो माय, तेही आलं!"

प्रत्येक नावाला बाहेर जयघोष. कुणी दारावर थाप मारून विचारायचं, "आजी, मी आलो का?" आणि म्हातारी आतून, "थांब, थांब, तू अजून निंघून राह्यला!" उलट्या रंगांतही ती माणसं ओळखत होती. कुणाच्या उभं राहण्यावरून, कुणाच्या खांद्यावरून, कुणाच्या पदराच्या खोचण्यावरून. पुष्पांजलीचे हात काम करत होते आणि ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. शेवटी तिनं सगळ्या रांगा डोळ्यांखालून घातल्या. एकही माणूस पुसला गेला नव्हता. शेळीचा मात्र मागमूस नव्हता.

शेवटच्या कोऱ्या फिल्मवर सरळ चित्र निघालं. संध्याकाळी दिव्याची पेटी उचलून विहारात नेली आणि चित्र तिच्यावर लावलं. मिरवणुकीला निघालेली माणसं तिच्यापुढे रांग लावून उभी राहिली. पंजाबरावांनी चष्मा पुसून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, सगळं चांगलं हाय. पन कमान पांढरी काऊन? आपली कमान निळी हाय. मागच्याच आठवड्यात रंगवली."

पुष्पांजलीनं सांगितलं, "काका, ह्या फिल्मले रंग कळत नाई. लाल दाखवला तर तिले अंधार वाटते. अन् निळा दाखवला, का तिले उजेडच दिसते."

पंजाबराव परत पेटीकडे वळले. पांढऱ्या लखलखीत कमानीखाली आपली सगळी माणसं त्यांनी पुन्हा एकदा निरखून पाहिली. मग मागच्याला म्हणाले, "उजेड हाय तो. सरक, नीट पाहू दे." त्या संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाला कमान पांढरी का, हे त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पांजली सवयीनं लवकर उठली. पिपा रिकामा होता. ती नुसतीच ओट्यावर बसून राहिली. भिमाबाईनं दोनदा येऊन पिप्यात डोकावून पाहिलं.

पण मयुरी गप्प बसणारी नव्हती. वस्तीतल्या कितीतरी लोकांच्या लेकी-सुना, भाऊ-भाचे जिल्हाभर दवाखान्यांत कामाला. नर्स आहेत, कंपाउंडर आहेत. मयुरीनं त्या फोटोसोबत सगळ्यांना निरोप धाडला, की जुन्या एक्स-रे फिल्मचे डबे कुठे पडून असतील तर फेकू नका, पुष्पाताईला पाठवा. आठवड्याच्या आत अश्वजित डेपोतून येताना बगलेत एक खोकं घेऊन आला. जानेफळच्या एका नर्सनं एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं होतं, ते गाड्या बदलत बदलत इथवर आलं होतं. मग बीबीहून एक आलं. त्यातल्या फिल्म कडेनं काळवंडलेल्या निघाल्या. पुष्पांजलीला त्याचंही भलतंच कौतुक वाटलं. "पाह्य ना, आपोआप चौकट आली!"

जानेफळच्या नर्सला फोन करून तिनं विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? पलीकडून ती बाई लाजत म्हणाली, "माह्या सासऱ्याची बैलजोडी हाय. लय देखनी. पन उभी राह्यत नाई एका जागी."

"मी येतो ना! उभी करतो मी तिले," पुष्पांजली म्हणाली. बैलांना श्वास रोखायला कसं सांगायचं, याचा तिनं अजून विचार केलेला नव्हता.

रविवारी ती जानेफळवरून मेहकरकडे जाणाऱ्या गाडीत चढली. खिडकीची जागा, मांडीवर पिपा, आत एक फिल्म. कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला आणि पिप्याकडे पाहून म्हणाला, "ताई, तेल सांडन ना. खाली ठेवा."

"तेल नाई, भाऊ. कॅमेरा हाय."

कंडक्टर थांबला. त्यानं पिप्यावरून एकदा डोळे फिरवले आणि मग स्वतःच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "जानेफळले गाडी पाच मिनिटं थांबते," तो म्हणाला. "तिथी उतरून उभा राह्यलो तर येतो का मी?"

"येता ना! पन आज बैलांचा नंबर हाय," पुष्पांजली हसून म्हणाली. "तुमचा उद्या. उद्या कुठल्या गाडीवर हाय तुमी?"